तारेचं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, काशिनाथदाजी, गाडीत बसण्याआधी तिची चाकं वाजवून बघत. चहाच्या चमच्याने. सकाळी अंघोळ झाली की पांढरा सदरा-लेंगा घालून अंगणात यायचे, लेंगा गुडघ्यापर्यंत ओढून चाकापाशी उकिडवे बसायचे आणि एकेका तारेवर चमचा मारायचे. टिण, टिण, टिण. एखादी तार टिणऐवजी टप्प बोलली की हात थांबायचा. "ही बाय रुसलीय," म्हणायचे, आणि खिशातली छोटी किल्ली काढून तिचा नट जरासा आवळायचे. मग परत चमचा. टिण. "हां. आता बोलली."

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज यायचा, "आवो, माझे सगले चमचे वाकडे केले तुम्ही. पावन्यांना साखर काय हातानं घालू?"

"घाल की. गोड लागंल."

वळ नावाच्या गावात, चारी बाजूंनी गोदामांचे पत्रे आणि मधे दाजींचं घर, अशा जागी ही गाडी होती. विलायती बनावटीची, दोनच माणसांची, बिनछपराची, गर्द हिरवी. दाजींच्या जन्माच्या आसपासची असावी. चाकांना सायकलीसारख्या तारा, पण जाड आणि एकमेकींतून विणलेल्या. चाकाच्या मधोमध दोन कानांचा मोठा नट, तो हातोड्याने ठोकून बसवायचा. हातोडा तांब्याचा. "लोखंडाला लोखंडानं मारू नये," दाजी म्हणत, "भावकी लागते." एका भाडेकरूने गोदाम सोडताना ती ताडपत्रीखाली तशीच टाकली होती, नंतर कागद करून दाजींच्या नावावर दिली. गावाला ते भंगार वाटलं. दाजींनी तिच्यात चार वर्षं घातली आणि ती चालायला लागली.

दाजी आता नाहीत. पोटात पाणी होऊन गेले. दारूने गेले असं सगळे सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त त्याच्या आधीचा थोडा भाग राहून जातो. तो मला ठाऊक आहे, ताईला नाही. हे छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवायचं मी ठरवलं आहे. ठरवणं मला नेहमीच चांगलं जमतं.

दाजी प्यायला लागले ते जमीन गोदामांना गेल्यावर. पहाटे उठून बांधावर जाणारा माणूस. उठायची सवय राहिली, बांध राहिला नाही. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग विचारायची सोय नाही. एका पुतण्याच्या हळदीत ते बँडच्या पुढे नाचता नाचता पडले आणि तिथेच झोपले. लोक त्यांना ओलांडून नाचत राहिले. रूपा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा शाळेत होती. ती त्यांच्या उशाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "बाजूनं जा, पप्पांना पाय लागंल."

दुसऱ्या दिवशी दाजी एकटेच एसटीने वज्रेश्वरीला गेले. गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केली, देवीपुढे उभे राहिले आणि ओल्या कपड्यांनी घरी आले. ताईला म्हणाले, "बंद."

ताई म्हणाली, "किती वाजेपातूर?"

पण बंद म्हणजे बंदच. आमच्याकडे हळदीला दारू पाण्यासारखी वाहते. त्या गर्दीत दाजी लिंबू-सोड्याची बाटली धरून बसायचे आणि कोणी आग्रह केला की म्हणायचे, "माझ्या वाटची मी पिऊन झालोय. आता तुझ्या वाटची कशाला कमी करू?"

पिणाऱ्याने सोडल्याच्या गोष्टीवर मात कोणी विश्वास ठेवत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी घरात एक रीत पाडली. बाहेरून आले की चपला काढण्याआधी उंबऱ्यातच उभे राहायचे. ताई यायची. ती बुटकी, हे उंच. ते खाली वाकून तिच्या तोंडावर "हा" करून श्वास सोडायचे. "हुंग." ताई हुंगायची, "हं" म्हणायची, मग चपला निघायच्या. रोज. पाहुणे बसलेले असोत, रूपाच्या मैत्रिणी असोत. रूपा चिडायची, "पप्पा, लाज आनता तुम्ही." एकदा ताई हुंगून म्हणाली, "जवला खाल्लाव कुनाकडं? माझ्या हातचा आवडत न्हाय काय?" आणि दोघं उंबऱ्यात उभी राहून हसली. मी आत जेवायला बसलो होतो. माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि आमच्या घरात कोणी कोणाच्या इतक्या जवळ तोंड नेत नव्हतं. मला हेवा वाटला. तो वाटला हे आज प्रथमच लिहितो आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दाजींना चकाकीचा राग होता. आमच्या माणसांत जमिनीचा पैसा आला तो आधी गळ्यात आला. बोटाएवढ्या जाड साखळ्या, मनगटात कडी. दाजींच्या अंगावर सोन्याचा कण नसायचा. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, एकदा चारचौघांत बोलले, "काशिनाथ, गला मोकला बरा दिसत न्हाय रं."

"भाऊ, साखली म्हशीला बांदतात. मी सुटलेला हाय."

भाऊंनी आठ दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

माझं स्वतःचं काम मात्र चकाकीचंच. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत माझं प्लेटिंगचं दुकान आहे. आमच्या धंद्यात मुलामा चढवण्याला पाणी देणं म्हणतात: निकेलचं पाणी, क्रोमचं पाणी. आधी लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, पार्ट करायचो, मग नळ आणि कुलपं. क्रोमची नवी टाकी बसवली होती आणि काम सुंदर निघत होतं, पण बघायला कोण? नळाकडे कोणी बघत नाही, नळातून काय येतं ते बघतात.

रूपाचं लग्न ठरलं. नवरी याच गाडीतून मांडवात येणार, हे दाजींनी सोयरिकीच्या बैठकीतच सांगून टाकलं. गाडीला नवा रंग झाला, गाद्या झाल्या. राहिली चाकं. मूळची चाकं रुपेरी रंगाने रंगवलेली होती, रंगाचे पोपडे निघाले होते. परत रंगच द्यायचा की क्रोम करायचं? दाजींचं मत रंगाचं. बाकी सगळ्यांचं क्रोमचं.

मी म्हणालो, नमुना बघा तरी. त्यांच्याकडचं एक जादा चाक मी नेलं, रिम आणि मधला भाग क्रोम केला, तारा घासून चकचकीत केल्या आणि आणून ओट्यावर टेकवून ठेवलं. दाजींनी त्याच्या शेजारी एक रंगवलेलं चाक ठेवलं. आठवडाभर ती दोन चाकं ओट्यावर उभी होती आणि येणारा-जाणारा मत देत होता. ग्रामपंचायतीला एवढं मतदान झालं नसेल.

शेजारच्या गोदामातला हमाल म्हणाला, "चाचा, क्रोम लगाओ. दुल्हन का मुँह दिखेगा उसमें."

"दिखेगा. साथ में मेरा भी दिखेगा. डर के शादी छोड़ देगी."

भाऊ आले. काठीने दोन्ही चाकांना टोचून बघत म्हणाले, "करडी चाकं लावून पोरीला न्हेशील तर लोक बोलतील, गोदाम इकलं का काय काशिनाथनं."

"लोकांना बोलू द्या. रंग खोटं बोलत न्हाय, भाऊ. तार तडकली तर वरचा रंग फाटतो. गंजाचा लाल दोरा भायेर येतो. दिसतं आपल्याला. आन् ही चकचकीत बाय? आतनं मेली तरी हसतच राहील."

"म्हंजे हसनारी बाई वाईट का?" ताई दारातून म्हणाली.

"तू हसतीस तवा मना आतलं पन कलतं. हिचं कलनार न्हाय."

"कलतं तर मग पोरीचं मन पन कलू द्या. एकच लग्न हाय तिचं."

 रूपाने माझ्याकडे बघितलं. "मामा, तुमीच सांगा ना पप्पांना." लग्नघरात मामाच्या शब्दाला वजन असतं. मी म्हणालो, "दाजी, गाडी तुमची, पण दिवस रूपाचा आहे." हे वाक्य मला सुचलं याचा तेव्हा आनंद झाला होता. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे रूपा नव्हतीच. नवरीची गाडी निघाली आहे, चारी चाकं उन्हात फिरताहेत आणि सगळी आगरी माणसं विचारताहेत, पाणी कोणी दिलं?, हे होतं.

दाजी चाकं घेऊन दुकानात आले ती दुपार मला नीट आठवते. शेजारी लूमची खडखड चालू होती, ओरडून बोलावं लागत होतं. ते टाकीच्या कडेला उभे राहिले, नाकाला रुमाल लावून आत बघितलं. मग सोडवून ठेवलेल्या तारांपैकी एक उचलली, दोन बोटांनी वाकवून सोडली. ती सरळ झाली.

"सुऱ्या," ते म्हणाले, "ह्याच्यानं तारंचं पानी जानार न्हाय ना?"

इथे थांबून सांगायला हवं. दाजींचा जन्म भातशेतीत गेलेला. त्यांच्या तोंडी पाणी म्हणजे लोहार कोयत्याला देतो ते. तापवून पाण्यात बुडवलेल्या लोखंडाची ताकद, त्याचा लवचिक कणखरपणा. कोयता बोथट झाला, वाकायला लागला की म्हणायचं, ह्याचं पाणी गेलं. माझ्या धंद्यात पाणी म्हणजे वरचा मुलामा. तो उडाला की म्हणायचं, पाणी गेलं.

मी म्हणालो, "दाजी, दहा वर्षं पाणी जाणार नाही. माझी गॅरंटी."

माझा कारागीर हसून मान हलवत होता. दाजींनी तार खाली ठेवली. "मग दे," म्हणाले.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आलो की माझी ऐकण्यात चूक झाली. त्यांनी एक पाणी विचारलं, मी दुसऱ्याचं उत्तर दिलं. भाषाच तशी आहे. तसं नव्हतं. तार वाकवून बघणारा माणूस कोणतं पाणी विचारतो हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही. मला कळलं, आणि मी जे उत्तर खरं होतं ते दिलं, फक्त दुसऱ्या प्रश्नाचं.

आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. कडक पोलादाला अॅसिडमध्ये धुऊन क्रोम चढवलं की ते आतून ठिसूळ होतं. उपाय आहे. टाकीतून काढल्याबरोबर काही तास भट्टीत मंद आचेवर ठेवायचं. मग त्याची ताकद परत येते. भट्टी माझ्याकडे होती, लूमच्या पार्टसाठी. पण तारा टाकीतून निघाल्या त्या दिवशी लाईट गेली ती गेलीच, दुसऱ्या दिवशी चाकं विणणारा माणूस येऊन बसला, तिसऱ्या दिवशी ताईचा फोन, "झाली का रे?" नंतर तापवून उपयोग नसतो, तरी वेळ होता, तारा नव्या मागवता आल्या असत्या, नाही तर रंगवता आल्या असत्या. मी तारा हातात घेतल्या. आरशासारख्या झाल्या होत्या. मी त्या विणायला दिल्या.

चाकं बसवली त्या दिवशी दाजींनी सवयीने चमचा काढला. टिण, टिण, टिण. सगळ्या एका सुरात. "सगल्याच खुशीत हाईत," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "एवढ्या खुशीत बरं न्हवं."

लग्नाची पहिली पत्रिका देवीला द्यायची म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी दाजी एकटे गाडी घेऊन वज्रेश्वरीला गेले. परत येताना भाऊंचा फोन आला, वाटेतल्या दुकानात हळदीचा माल काढून ठेवलाय, घेऊन ये. माल म्हणजे दारूच्या बाटल्या. दाजी नाही म्हणाले नाहीत. मुलीच्या बापाने पाहुण्यांचं बघायलाच हवं. खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं. गावापासून थोड्याच अंतरावर वळणाला पुढचं डावं चाक बसलं. बसलं म्हणजे तारा तुटून चाक आडवं झालं. गाडी शेतात उलटली.

मला फोन पहिला आला, म्हणून मी पहिला पोचलो. पाच-सहा माणसं जमली होती आणि नाकं दाबून हसत होती. दाजी बांधाला टेकून पडले होते. पाय भलतीकडे वळला होता. डोक्यापासून पायापर्यंत दारूने भिजले होते. मला बघून म्हणाले, "सुऱ्या, चाक बसलं."

मागून कोणी तरी म्हणालं, "चाक न्हाय, काका, तुमीच बसलाव."

मी चाकाकडे गेलो. तार ताकद लावून तुटते तेव्हा आधी वाकते, ताणते. या तारांचं तसं काही झालं नव्हतं. जिथल्या तिथे तुटलेल्या, काचेच्या बांगडीसारख्या. तुटलेल्या जागी करड्या साखरेसारखा दाणा. वर माझं क्रोम तसंच, एक ओरखडा नाही. मी दोन तुकडे उचलून खिशात घातले.

दवाखान्यात भाऊ आले. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "रक्त तपासू देऊ नको. प्यालेला निघाला तर केस होईल, उद्याची हलद जाईल." डॉक्टर ओळखीचे होते. मी त्यांच्याशी बोललो. रक्त तपासलं गेलं नाही. त्या रक्तात दारू नव्हती हे दवाखान्यात दोनच माणसांना माहीत होतं. एक स्ट्रेचरवर होता, दुसरा डॉक्टरांचे आभार मानत होता.

ताई आली. दाजींनी मान उचलायचा प्रयत्न केला आणि तोंड उघडून तिच्याकडे श्वास सोडला. "हुंग," म्हणाले. सबंध खोली दारूने घमघमत होती. कपडे, केस, चादर. त्यात एका माणसाचा श्वास वेगळा कसा कळणार? ताईने पदर नाकाला लावला आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. मी तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "पोरीच्या हलदीपातूर तरी थांबायचं रे." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

लग्न झालं. कन्यादान भाऊंनी केलं. दाजी पायाला प्लास्टर घालून घरी पडून होते. बँडचा आवाज तिथपर्यंत येत होता. मुलाकडच्यांना सांगितलं, ब्रेक फेल झाला. सगळ्यांनी सगळ्यांना डोळे मिचकावून ते सांगितलं. नवरी भाड्याच्या मोटारीतून मांडवात आली.

मी उरलेली चाकं काढून भंगारात घातली. दाजींना म्हणालो, "अपशकुनी वस्तू दारात नको." त्यांनी बरं म्हटलं. गाडी विटांवर उभी राहिली.

पुढे गावात एक म्हणच पडली. कोणी झोकांड्या देत चालला की पोरं ओरडायची, "चाक बसलं रे, चाक बसलं!" वळ गावातून ती शेजारच्या गावांतही गेली. माझ्या दुकानातल्या उत्तर प्रदेशच्या कारागिराच्या तोंडूनही मी ती ऐकली, "आज तो इसका चाक बसला है, सेठ." मी त्याला ओरडलो. त्याला कळेना मी का चिडलो.

दाजी सुरुवातीला प्रत्येकाला सांगायचे. देवीची शपथ घ्यायचे. बाटल्या फुटल्या, माझ्या अंगावर सांडल्या. लोक म्हणायचे, "हो हो, फुटल्या. फुटायच्या आधी किती रिकाम्या झाल्या होत्या, ते कोन बघतो?" मग त्यांनी सांगणं कमी केलं. घरी आले की उंबऱ्यात उभे राहून वाकायचे. ताई आतून म्हणायची, "चपला काढा आन् जेवायला या." एक दिवस मी तिथे होतो. ते वाकले, ती वळली. ते तसेच थोडा वेळ वाकून राहिले, खाली काही पडलंय आणि ते शोधताहेत असे. मग चपला काढल्या.

त्या पावसाळ्यानंतर ते खरंच प्यायला लागले. कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटायला आधी पिणं थांबलेलं असावं लागतं. ताई रूपाकडे कल्याणला राहायला गेली ती बाळंतपणाचं निमित्त करून, पण बाळंतपणाला तेव्हा पुष्कळ अवकाश होता.

मी त्यांना सांगितलं. हे माझ्या बाजूचं एकच वाक्य आहे, म्हणून वेगळं लिहितो. रविवारची दुपार होती. दाजी ओट्यावर एकटे बसले होते, पितळी पेला शेजारी. समोर बिनचाकांची गाडी. एका सीटवर मांजरीने पिल्लं घातली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तारा, भट्टी, खिशातले तुकडे, रक्त. त्यांनी मला शिवी द्यावी, पेला फेकून मारावा, याची मी तयारी करून गेलो होतो.

 दाजी म्हणाले, "म्हंजे मी पिलो नव्हतो."

"नव्हतात, दाजी."

"तुला खात्री हाय?"

"हो."

"न्हाय म्हंजे," ते चाचरत म्हणाले, "सगलेच बोलतात तर मना वाटाय लागलं, असंन पिलो. ध्यानात न्हाय. देवीकडनं निगालो, खोका घेतला… मधी एकादी बाटली उगडली असंन. मानूस इसरतो." त्यांनी माझा हात धरला. "परत बोल."

"दाजी, तुम्ही प्यायला नव्हतात. चाक बसलं. माझ्यामुळे."

"माझ्यामुळे" त्यांनी ऐकलंच नाही. माझ्या अपराधात त्यांना काही रस नव्हता. त्यांना फक्त पहिला भाग हवा होता. तो त्यांनी माझ्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतला, डोळे मिटून. मग पेला हाताने लांब सारला आणि म्हणाले, "तुझ्या ताईला बोलशील?"

"बोलतो."

"आज नको. आज मी खरंच पिलोय. ती बोलंल, दारुड्यानं भावाला पढवलं."

मी म्हणालो, बारशाला बोलतो. रूपाला तेव्हा सातवा महिना होता.

बारसं कल्याणला एका हॉलमध्ये होतं. मुलगा झाला होता. पाळण्याभोवती बायकांची गर्दी, बाजूला जेवणाची टेबलं. दाजी एकटे आले. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री, काठीवर भार देत. आल्या आल्या माझ्या जवळ येऊन उभे राहिले, इतके जवळ की खांद्याला खांदा लागला. वास साबणाचा होता. बाकी कसलाही नव्हता. किती दिवस सोडली होती कोण जाणे. मी विचारलं नाही. ते माझ्याकडे बघून हसले, म्हणजे, आठवण आहे ना.

मग ते पाळण्यापाशी गेले आणि दोन्ही हात पुढे केले. रूपाने बाळ उचललंही होतं. तिच्या सासूबाई ताईकडे बघायला लागल्या. ताई पुढे झाली.

"नको देऊ, रूपा. हात बघ त्यांचं कसं कापतात. तुझ्या हलदीला काय केलं ते इसरलीस? ह्याला पन पाडतील कुठं तरी."

 कोणी तरी फिसकन हसलं. दाजींचे हात तसेच पुढे होते, आणि ते कापत होते हे खरं आहे.

"मी त्या दिवशी पिलो नव्हतो," दाजी म्हणाले. आवाज मुळीच चढवला नाही. "सुरेशला इचारा. त्याला ठाव हाय."

त्यांनी मला आयुष्यात कधी सुरेश म्हटलं नव्हतं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भाऊंनी, रूपाच्या सासऱ्यांनी, माझ्या बायकोने. ताईनेही बघितलं, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. एवढा सोपा प्रश्न मला पुन्हा कोणी विचारणार नाही. दोन शब्दांचं उत्तर होतं.

मी म्हणालो, "दाजी, आधी जेवून घ्या."

हॉलमधले लोक हसले, सुटल्यासारखे. चांगलं निभावून नेलं, असं नंतर भाऊ मला म्हणालेसुद्धा. दाजींनी हात खाली घेतले. माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली, जणू मी त्यांना रस्ता सांगितला आणि त्यांना तो समजला. मग ते काठी टेकत जेवणाच्या टेबलापाशी गेले, कडेच्या खुर्चीवर बसले. वाढपी आला. त्यांनी वरण-भात घेतला, कालवला, आणि खाली मान घालून जेवायला लागले, एकेक घास, पानातलं काही टाकायचं नाही असं घरी सांगून पाठवलेल्या माणसासारखे.